प्लास्टिकच्या डबीची घडणावळ

चांदीची वाटी किंवा निरांजन घेताना धातूचे पैसे वेगळे आणि घडणावळ वेगळी मोजावी लागते, आणि तीच वस्तू पुढे मोडीत घातली तर घडणावळ परत मिळत नाही, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावे लागत नाही. त्या वस्तूची कारागिरी ओळखणारे गिऱ्हाईक मिळाले, तरच घडणावळीचे चीज होते. परदेशी टांकसाळींची आधुनिक चांदीची नाणी जमवणाऱ्याने हाच हिशोब जरा अधिक बारकाईने मांडायला हवा, कारण इथे घडणावळ दोनदा मोजली जाते. पहिली टांकसाळीची आणि विक्रेत्याची. दुसरी, ते नाणे पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत बसवून वर गुणांचे लेबल लावणाऱ्या ग्रेडिंग कंपनीची. धनत्रयोदशीला चांदीचे नाणे घेण्याची सवय जपणारी अमेरिकेतली मराठी कुटुंबे तिथले ‘सिल्व्हर ईगल’ घेतात, इथले हौशी संग्राहकही ते मागवतात, आणि दोघांसमोर एकच प्रश्न येतो: तेच वर्ष, तेच नाणे, पण डबीवर ‘एमएस ७०’ (सत्तरपैकी सत्तर गुण) लिहिले आहे म्हणून जास्त पैसे द्यायचे का? माझे उत्तर असे आहे की लेबल नाण्याबद्दलची एखादी खरी शंका मिटवते, आणि ती शंका जेवढी मोठी, तेवढीच त्या लेबलची किंमत. शंकाच नसेल तर ती नुसती घडणावळ.

आधी नाणे नीट पाहू. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८५ साली कायदा केला आणि १९८६ पासून सिल्व्हर ईगल पडू लागले. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३ ग्रॅम; आपल्या जुन्या मापात सुमारे पावणेतीन तोळे. शुद्धता हजारात ९९९, व्यास ४०.६ मिलिमीटर, दर्शनी मूल्य एक डॉलर. पुढच्या बाजूला अडॉल्फ वाइनमन यांची चालती स्वातंत्र्यदेवता आहे. ती मुळात १९१६ च्या अर्ध्या डॉलरसाठी घडवलेली. मागच्या बाजूला २०२१ च्या मध्यापर्यंत जॉन मर्कांटी यांचा ढालधारी गरुड होता, त्यानंतर एमिली डॅमस्ट्रा यांचा फांदी घेऊन उतरणारा गरुड आला. यातले बुलियन नाणे आणि संग्राहकांसाठी वेगळे पाडलेले प्रूफ नाणे यांत गल्लत करू नये. बुलियन नाण्यावर टांकसाळीचे अक्षर नसते आणि टांकसाळ ते थेट ग्राहकाला विकतही नाही. नेमलेल्या मोठ्या खरेदीदारांना ते पेट्यांनी जाते. एका पेटीत ५०० नाणी, २० नाण्यांची एक नळी, अशा २५ नळ्या. वस्तू चांदीच्या भावाने विकण्यासाठी बनते आणि तशीच हाताळली जाते. संख्याही पाहा: १९९६ साली बुलियन ईगल सर्वांत कमी पडले, तरी ते ३६ लाखांवर होते. २०१५ साली ४ कोटी ७० लाख पडले.

नाण्याची पारख करून त्यावर खूण उमटवणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मराठेशाहीत पोतदार रुपया पारखून घेई, निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांवर वेगवेगळा बट्टा बसे, आणि सराफ तपासलेल्या नाण्यावर बारीक छाप मारून ठेवीत. त्या छापाला वजन होते, कारण शंका खरी होती. रुपयात चांदी किती आणि भेसळ किती, हे व्यवहारातल्या प्रत्येकाला माहीत असणे शक्य नव्हते. आज तेच सराफी छाप जुन्या रुपयावर दिसले तर संग्राहक त्यांना इजा समजतो. ज्या शंकेसाठी छाप मारला ती उरली नाही, आणि त्याबरोबर छापाची किंमतही गेली. अमेरिकेतले ग्रेडिंगही अशाच एका खऱ्या शंकेतून उभे राहिले. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मोठ्या तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. कल्पना अशी की ७० गुणांचे नाणे १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे ठरावे. किमतीचे ते गणित टिकले नाही, श्रेणी मात्र टिकली. पुढे विक्रेते आपल्याच मालाला हवी ती श्रेणी लावू लागले. एखादा झिजका डॉलर ‘जवळजवळ नवा’ म्हणून खपवला जाई, आणि सामान्य ग्राहकाकडे ते तपासण्याचा उपाय नसे. म्हणून त्रयस्थ पारखी हवा झाला. पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीने १९८६ साली आणि एनजीसी या दुसऱ्या कंपनीने १९८७ साली हे काम सुरू केले, आणि शंभर वर्षे हातोहात फिरलेल्या नाण्यांच्या बाजारात त्यांनी मोठी शिस्त आणली. झीज, घासणे, छुपी दुरुस्ती हे सगळे ओळखायला सरावाची नजर लागते, आणि अशा नजरेसाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत.

बुलियन ईगलला मात्र झीज होण्याइतके आयुष्यच मिळालेले नसते. ते यंत्रातून पडते, नळीत जाते आणि नळीतून डबीत. त्यामुळे सत्तर पायऱ्यांच्या या जिन्यावर जवळजवळ सगळी गर्दी वरच्या दोन पायऱ्यांवर असते: ६९ आणि ७०. पाचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली नाणे पाडल्यानंतर आलेला एकही दोष दिसत नसेल तर ७०; एखादी बारीक ठिपक्याएवढी खूण दिसली तर ६९. नुसत्या डोळ्याला हा फरक बहुधा दिसत नाही, आणि निर्णय शेवटी माणसाच्या नजरेचा असतो. म्हणून ६९ ठरलेली नाणी डबीतून काढून पुन्हा पाठवणारेही आहेत. एका बाजूला ७० ला ठळक जास्त भाव आणि दुसऱ्या बाजूला ६९ ला साध्या नाण्यापेक्षा जेमतेमच जास्त, म्हणजे सगळी किंमत त्या एका ठिपक्यावर उभी आहे. तो ठिपका भिंगाशिवाय तुम्हाला दिसत नसेल, तर त्यासाठी पैसे का मोजतो आहोत, हे स्वतःला आधी विचारावे.

ग्रेडिंग कंपन्या कोणत्या वर्षाच्या किती नाण्यांना किती गुण दिले, याचे तक्ते प्रसिद्ध करतात. हे तक्ते उपयोगी आहेत, पण ते वाचण्यात एक गफलत सहज होते. मोठे विक्रेते नाणी घाऊक पाठवताना किमान श्रेणी ठरवून देऊ शकतात. तिच्या खालची नाणी डबीत न बसवता परत येतात आणि तक्त्यात धरलीच जात नाहीत. त्यामुळे तक्त्यातले ७० चे प्रमाण टांकसाळीतून पडलेल्या मालाचे प्रमाण सांगत नाही. शिवाय तक्ता फक्त पाठवलेल्या नाण्यांचा. न पाठवलेल्या लाखो नाण्यांतून अजून किती ७० निघतील, हे तो सांगू शकत नाही. एखाद्या वर्षाची ७० गुणांची नाणी तक्त्यात थोडी दिसली म्हणजे ती दुर्मीळ, असा निष्कर्ष काढण्याआधी नळ्यांत बंद नाणी किती आहेत ते पाहावे. दाम वाढला की नळ्या उघडतात, नाणी पाठवली जातात, आणि तक्त्यातला आकडा फुगतो. लेबलामुळे निर्माण झालेली टंचाई लेबलांनीच भरून निघते. टांकसाळीने मुळातच कमी पाडलेल्या नाण्याचे मात्र असे होत नाही. हा फरक खरेदीच्या वेळी डोक्यात पक्का ठेवावा.

गुणांच्या बरोबरीने लेबलावर आणखी काही लिहिलेले असते आणि ग्राहकाची सर्वांत जास्त दिशाभूल मला तिथे होताना दिसते. ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीजेस’ हे शब्द वाचून वाटते की हे नाणे ठशाखालून पहिल्या काही नाण्यांत पडले असणार, म्हणून त्याची रेघ अधिक ताजी असणार. प्रत्यक्षात या शब्दांचा अर्थ साधारण इतकाच की विक्री सुरू झाल्यापासून पहिल्या तीसेक दिवसांत ते नाणे बाहेर आले किंवा कंपनीकडे पोचले. नाणी कोणत्या क्रमाने पडली याची नोंद आपण ठेवत नाही, असे अमेरिकेच्या टांकसाळीने स्वतः स्पष्ट केलेले आहे. पेटीवरच्या तारखेचा नाणे पडण्याच्या तारखेशी संबंध असेलच असे नाही. विक्रीच्या दिवशी साठा तयार हवा म्हणून नाणी आधीपासून पाडून ठेवावी लागतात. आणि ठशांचा विचार केला तर हा दावा आणखी विरळ होतो. ठसा झिजला की बदलतात आणि वर्षभर नवे ठसे लागत राहतात. ऑगस्टमधल्या नव्या ठशाचे पहिले नाणे जानेवारीतल्या झिजत आलेल्या ठशाच्या नाण्यापेक्षा अधिक रेखीव असू शकते. तेव्हा हे शब्द नाण्याच्या गुणाबद्दल काही सांगत नाहीत, फक्त टपालाची तारीख सांगतात. सहीच्या लेबलांचेही असेच. मर्कांटी यांनी हाताने सही केलेले लेबल ज्याला हवे त्याने खुशाल घ्यावे, ते एका मोठ्या कारागिराची सही म्हणून जपण्यासारखे आहे. पण ती सही कागदाची किंमत वाढवते, चांदीची नव्हे, आणि विकत घेताना दोन्हींचे पैसे वेगवेगळे मोजून पाहावेत. झेंडे, गरुड, रंगीत पार्श्वभूमी असलेल्या लेबलांसाठी जास्त पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही.

यावर एक मजबूत आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. सुरुवातीच्या वर्षांची, विशेषतः १९९० च्या दशकातली काही ईगल ७० गुणांत मिळवायची तर साध्या नाण्याच्या कित्येक पट दाम मोजावे लागतात, आणि ते देणारे आहेत. मग आजचे ७० उद्या तसेच होणार नाही कशावरून? याचे उत्तर त्या दामामागच्या कारणात आहे. त्या काळी बुलियन नाणे ग्रेडिंगला पाठवण्याची रीत नव्हती. लोकांनी ती चांदी म्हणून घेतली, खणांत टाकली, एकमेकांवर घासू दिली. निर्दोष नाणी थोडी उरली, कारण ती निर्दोष ठेवायला हवीत असे कुणाला वाटले नव्हते. आज नेमके उलट घडते आहे. नाणे बाजारात आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून मोठे विक्रेते हजारो नाणी पाठवतात आणि ७० गुणांच्या डब्या जपून ठेवणारे हजारो हात तयार असतात. ज्या गोष्टीला सगळे जपतात ती पुढे दुर्मीळ होण्याचे कारण उरत नाही. म्हणून ज्याला ७० गुणांवर पैसे लावायचेच आहेत, त्याने जुन्या वर्षांचा अभ्यास करावा. चालू वर्षाच्या डब्या ढिगाने घेऊ नयेत.

दुसरा आक्षेप बनावट नाण्यांचा. तो रास्त आहे. ईगलच्या बनावट प्रती बाजारात आहेत, आणि ऑनलाइन अनोळखी विक्रेत्याकडून भावापेक्षा स्वस्त मिळणारे नाणे संशयानेच पाहावे. पण ही शंका घरच्या घरीही बरीचशी मिटवता येते. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि साधा व्हर्नियर कॅलिपर घ्या. वजन ३१.१ ग्रॅम, व्यास ४०.६ मिलिमीटर, जाडी जवळजवळ ३ मिलिमीटर, हे तिन्ही आकडे एकाच वेळी जुळवणे खोट्या धातूला कठीण जाते, कारण चांदीची घनता १०.४९ आहे आणि बहुतेक स्वस्त धातू तिच्यापेक्षा हलके असतात. वजन जुळवले तर जाडी वाढते, जाडी जुळवली तर वजन घटते. तिरप्या धरलेल्या नाण्यावरून जोरदार चुंबक सोडला तर तो खऱ्या चांदीवर संथपणे घसरतो, चिकटत नाही. २०२१ च्या मध्यानंतरच्या ईगलच्या दातेरी कडेत एक दात मुद्दाम वगळलेला आहे, तोही पाहावा. दुसऱ्या देशाचे नाणे असेल तर त्याचे आकडे आधी पाठ करा. चिनी पांडा २०१६ पासून ३० ग्रॅमचा आहे, औंसाचा नाही; ब्रिटानिया २०१२ पर्यंत हजारात ९५८ शुद्धतेचे होते, ९९९ ची चांदी २०१३ पासून आली. हे माहीत नसलेला माणूस खऱ्या नाण्याला खोटे ठरवील. आणि डबीत आहे म्हणजे खरेच, असेही समजू नका, कारण डब्यांच्याही नकला होतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत पाहावा, आणि तिथे छायाचित्र असेल तर हातातल्या नाण्याच्या बारीक खुणा त्याच्याशी ताडाव्यात.

जिथे दाम धातूच्या अनेक पट आहे, तिथे मात्र काटा आणि कॅलिपर पुरे पडत नाहीत, आणि तिथे मी लेबलावर निःशंक पैसे खर्च करीन. १९९५ चे, डब्ल्यू हे टांकसाळीचे अक्षर असलेले प्रूफ ईगल हे ठळक उदाहरण. मालिकेच्या दहाव्या वर्षानिमित्त ते फक्त चार सोन्याच्या नाण्यांच्या संचाबरोबर दिले गेले आणि संख्या ३०,१२५ एवढीच होती. त्याच वर्षीच्या पी अक्षराच्या प्रूफमध्येही चांदी तेवढीच आणि देवता तीच, फरक फक्त एका बारीक अक्षराचा. त्या अक्षरात फेरफार करून कुणी फसवले तर वजन आणि व्यास दोन्ही बरोबर येतील. इथे अनुभवी पारख्याची नजर हवीच.

सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण २०१५ चे आहे. त्या वर्षीच्या ४ कोटी ७० लाख बुलियन ईगलांपैकी ७९,६४० फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पडले, हे नंतर टांकसाळीनेच दिलेल्या माहितीतून कळले. ही नाणी बाकीच्यांपासून नुसती पाहून ओळखता येत नाहीत. अक्षर नाही, खूण नाही. ओळख पटते ती सीलबंद पेटीच्या क्रमांकावरून, आणि पेटी उघडण्याआधी कंपनीने तो पाहिला असेल तर लेबलवर कंसात पी लिहिले जाते. २०२० साली कोविडमुळे नेहमीच्या कामात खंड पडला तेव्हा एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात पडलेल्या २,४०,००० नाण्यांचेही तसेच. इथे लेबल खरी शंका मिटवते, म्हणजे माझ्याच कसोटीप्रमाणे ते मोलाचे ठरते. पण नीट पाहिले तर या नाण्यांचे वेगळेपण नाण्यात नाहीच, सगळे लेबलमध्ये आहे. डबी फुटली की ७९,६४० मधले ते नाणे ४ कोटी ७० लाखांत कायमचे हरवते, आणि जगातला कुठलाही पारखी ते परत शोधून देऊ शकत नाही. असे नाणे घेणारा माणूस एक साक्ष विकत घेतो. साक्षीलाही मोल असते, जुन्या दस्तऐवजाला असते तसेच. फक्त घेणाऱ्याला ते ठाऊक असावे आणि त्याने चांदीच्या नाण्याऐवजी कागदपत्र सांभाळावे तशी ती डबी सांभाळावी.

डबीमुळे नाणे सुरक्षित राहते, हे खरे आहे, पण दाबून बसणारी साधी पारदर्शक कॅप्सूल ते काम फार थोड्या पैशांत करते. शिवाय चांदीवर महिन्या-वर्षांनी उमटणारे दुधाळ पांढरे डाग डबीच्या आतही येतात, कारण त्यांचे मूळ नाणे पाडण्याच्या प्रक्रियेत असते. कॅनडाच्या टांकसाळीने मेपल लीफवर २०१८ पासून खास संरक्षक उपाय सुरू केला, तो याच त्रासामुळे. ग्रेडिंग कंपन्यांच्या हमीतून असे डाग सहसा वगळलेले असतात, म्हणून ७० लिहिलेल्या डबीतले डागाळलेले नाणे तुमच्या गळ्यात पडू शकते. विकत घेताना डबी उजेडात तिरपी धरून नाणे पाहा. आकडा नंतर वाचा. आणि आपल्याकडे दिवाळीत देवाची चांदी रांगोळीने किंवा चिंचेने घासून लख्ख करतात, तसे या नाण्याला चुकूनही करू नका. एका घासण्याने पृष्ठभागावर कायमच्या रेघा पडतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचे मोल तिथेच संपते. नाणे कडेने धरावे, फुंकर घालू नये, आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये.

आता खरेदीचा हिशोब. कोणतेही नाणे घेण्याआधी त्याचे दाम तीन भागांत मोडा: आजच्या भावाने चांदी किती, साधे तेच नाणे चांगल्या विक्रेत्याकडे किती जास्तीने मिळते, आणि लेबलसाठी वर किती. मग तिसऱ्या भागापुरता एकच प्रश्न विक्रेत्याला विचारा: हेच नाणे मी उद्या तुम्हाला विकले तर लेबलचे किती द्याल? त्याच्या उत्तरातून कुठल्याही किंमत-तक्त्यापेक्षा जास्त कळते, कारण तक्त्यात छापलेला दर बहुधा विकणाऱ्याचा असतो. पैसे गुंतवणे हाच हेतू असेल तर तिसरा भाग शून्य ठेवा आणि त्या पैशांत अधिक औंस घ्या. दरवर्षीचे एक, सगळी ७० गुणांची, असा संच पुरा करण्याचा आनंद घ्यायचा असेल तर तो मनसोक्त घ्या, पण तो खर्च हौसेच्या खात्यात मांडा. भारतात मागवणाऱ्याने जकात आणि ३ टक्के जीएसटी यांसह येणारी किंमत आधी काढावी. आणि इथे विकायची वेळ आली तर गल्लीतला सराफ वजन आणि कस पाहील, डबी नाही. लेबलचे दाम देणारा माणूस संग्राहकांच्या वर्तुळातच शोधावा लागतो, त्याला वेळ लागतो.

म्हणून ज्यांच्याकडे लेबलावरच मोल अवलंबून असलेली नाणी आहेत, २०१५ च्या पी सारखी किंवा १९९५ च्या डब्ल्यूसारखी, त्यांनी एक काम लवकर उरकावे. वहीत किंवा एका चिठ्ठीत मराठीत लिहून ठेवा: कोणत्या डबीत काय आहे, किती दिले, कुणाला विचारावे, आणि डबी फोडू नये. ही चिठ्ठी नाण्यांच्याच पेटीत असू द्या आणि घरातल्या निदान एका माणसाला दाखवून ठेवा. नाहीतर मागे राहिलेले लोक प्लास्टिक फोडून, लेबल कचऱ्यात टाकून, नाणी रुमालात बांधून मोडीला नेतात, आणि काट्यावर ती सगळी ३१.१ ग्रॅमचीच भरतात.